कानाचं मशीन फोनला जोडलं जातं, लॅपटॉपला का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन्ही कानांना मध्यम प्रमाणात कमी ऐकू येतं. कानामागे बसणारी, चार्जिंगवर चालणारी मशीन्स दोनेक वर्षांपूर्वी घेतली. अँड्रॉइड फोनवरचे कॉल थेट कानात येतात आणि स्वच्छ ऐकू येतात. ऑफिसचं काम मात्र विंडोजच्या लॅपटॉपवर आहे, हिशेब विभागात, आणि रोज दोन-तीन ऑनलाइन मीटिंगा असतात. लॅपटॉपच्या ब्लूटूथच्या यादीत मशीन दिसतं, जोडलं गेल्याचंही दाखवतं, पण आवाज येतो तो लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच. वरून हेडफोन लावला की शिट्टी वाजते. जिथून मशीन घेतलं तिथे सांगितलं की नवं मॉडेल घ्या, नाहीतर वीस-पंचवीस हजारांचं गळ्यात अडकवायचं उपकरण घ्या. तर यातलं काय करावं?

तुमचं मशीन बिघडलेलं नाही आणि लॅपटॉपही बिघडलेला नाही, हे आधी सांगते. आणि अजून काहीही विकत घेऊ नका. मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करते. २०२०च्या लॉकडाउननंतर घरून काम करणारे जे लोक माझ्याकडे येऊ लागले, त्यांच्यात हा प्रश्न फार आढळतो. यातल्या बऱ्याच जणांचं काम पैसे न घालता किंवा थोडक्यात भागतं. मात्र त्यासाठी मशीन लॅपटॉपशी नक्की कुठे अडतंय ते आधी समजून घ्यावं लागतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. लॅपटॉपचा आवाज मशीनपर्यंत कसा पोहोचवायचा हा पहिला. पोहोचलेला आवाज मीटिंगमध्ये नीट कळेल कसा हा दुसरा. विक्रीच्या काउंटरवर फक्त पहिल्याबद्दल बोललं जातं. नवं मशीन घेऊन, लॅपटॉपला जोडून, तरी 'शब्द कळत नाहीत' म्हणून परत येणारी माणसं मी बघते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावरही मी इथे सविस्तर लिहिणार आहे.

आता पहिला प्रश्न. मशीनच्या खोक्यावर 'ब्लूटूथ' लिहिलेलं असतं आणि लॅपटॉपवरही, त्यामुळे दोन्ही जुळतील असं कुणालाही वाटेल. पण ब्लूटूथवरून आवाज नेण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. नेरळ स्टेशनात मुंबईची गाडी आणि माथेरानची गाडी जवळजवळ उभ्या राहतात, दोन्हींना रूळच लागतात, पण एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर चालत नाहीत. इथे तसंच झालेलं आहे.

नेहमीच्या वायरलेस हेडफोनमध्ये जी पद्धत असते ती क्लासिक ब्लूटूथ. ती सगळ्या लॅपटॉपना कळते, पण वीज बरीच खाते. श्रवणयंत्रात बॅटरी एवढीशी असते, आणि त्या बॅटरीवर दिवसभर ऐकायचंही असतं. म्हणून कंपन्यांनी कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथ लो एनर्जीवर आपापले मार्ग बांधले. अॅपलने २०१३ मध्ये आयफोनसाठी एक पद्धत आणली, तिला 'मेड फॉर आयफोन' म्हणतात. गूगलने अँड्रॉइडसाठी दुसरी आणली, ती 'आशा' या नावाने ओळखली जाते आणि २०१९च्या अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये येऊ लागली. या दोन्ही पद्धती फोन डोळ्यांसमोर ठेवून बनवल्या. विंडोजला त्यातली एकही येत नाही. त्यामुळे लॅपटॉपला मशीन नुसतं एक लो एनर्जी उपकरण म्हणून दिसतं, पेअरिंगही होतं, पण त्याच्याकडे आवाज पाठवायचा कसा हे लॅपटॉपला माहीत नसतं. आवाजाच्या आउटपुटच्या यादीत मशीनचं नाव आलंच नसेल, बघा एकदा. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमचं मशीन 'आशा' पद्धतीचं आहे असा माझा अंदाज आहे.

याला महत्त्वाचा अपवाद फोनॅक या कंपनीचा आहे. त्यांनी २०१८ मध्ये मार्व्हल मालिकेत क्लासिक ब्लूटूथ बसवलं आणि पुढच्या पॅराडाइज, ल्युमिटी मालिकांतही ते ठेवलं. ती मशीन्स लॅपटॉपला साध्या हेडसेटसारखी जोडली जातात. सिग्नियाच्या आयएक्स मालिकेत तर एकाच घराण्यात दोन्ही प्रकार आहेत. नावात 'बीसीटी' ही अक्षरं असलेलं मॉडेल क्लासिक ब्लूटूथचं. म्हणून नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही, पूर्ण मॉडेल लागतं. ते खोक्यावर, वॉरंटी कार्डवर किंवा मशीनच्या ॲपमध्ये 'माझी उपकरणं' अशा पानावर मिळेल.

तिसरा मार्ग एलई (म्हणजे लो एनर्जी) ऑडिओचा, आणि पुढे सगळे याच मार्गावर येणार आहेत. त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली, तपशील २०२२ मध्ये पूर्ण झाले. तो कुठल्याही एका फोन कंपनीचा नाही, आणि श्रवणयंत्रांची गरज त्यात सुरुवातीपासून धरलेली आहे. रीसाउंड नेक्सिया, ओटिकॉन इंटेंट अशा २०२३-२४ नंतरच्या मशीनमध्ये तो आहे. विंडोज ११ मध्येही त्याची सोय आली. पण नव्या मशीनवर पैसे घालण्याआधी हे लक्षात ठेवा की विंडोज ११ असणं पुरेसं नाही. लॅपटॉपमधलं ब्लूटूथ हार्डवेअर आणि लॅपटॉप कंपनीने दिलेले ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), दोन्ही एलई ऑडिओचे असावे लागतात. खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ छापलं आहे म्हणजे ही सोय असेलच असं नाही. तपासायची रीत सोपी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये जा, डिव्हायसेस उघडा आणि खाली 'यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल' असं बटण दिसतं का बघा. ते नसेल तर आजच्या घडीला तो लॅपटॉप एलई ऑडिओ चालवत नाही. मग लाखाच्या घरातलं नवं मशीन घेतलंत तरी याच लॅपटॉपवर तुमची अडचण तशीच राहील. 'नवं मॉडेल घ्या' असं सांगणाऱ्याने तुमचा लॅपटॉप पाहिला होता का, हे त्यांना जरूर विचारा.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: मॅकओएस सोनोमापासून, म्हणजे २०२३ पासून, 'मेड फॉर आयफोन' मशीन थेट मॅकला जोडता येतं. पण त्यासाठी एम१ प्रो, एम१ मॅक्स, एम१ अल्ट्रा किंवा एम२ आणि त्यापुढची चिप लागते. साध्या एम१ च्या मॅकबुक एअरवर ही सोय नाही.

यूएसबीचा ब्लूटूथ डोंगलही, म्हणजे लॅपटॉपच्या भोकात लावायचा छोटा तुकडा, बरेच जण घेऊन बघतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारा साधा डोंगल हा क्लासिक ब्लूटूथचा असतो. लॅपटॉपला ब्लूटूथच नसेल तर तो उपयोगी, पण 'आशा'च्या मशीनला त्याने आवाज मिळणार नाही. अडचण विंडोजच्या समजण्यात आहे, अँटेनात नाही.

आता तुमच्यासाठी मी सर्वांत आधी काय करायला सांगेन ते. तुमचा फोन आणि मशीन यांचं उत्तम जुळलेलं आहे. मग मीटिंगचा आवाज फोनवर घ्या आणि पडदा लॅपटॉपवर ठेवा. गूगल मीटमध्ये यासाठी कम्पॅनियन मोड आहे. फोनवरून नेहमीसारखं मीटिंगमध्ये जा आणि लॅपटॉपवर कम्पॅनियन मोड निवडा, म्हणजे लॅपटॉपचा आवाज आणि माईक दोन्ही बंद राहतात. टीम्समध्ये फोनवरून आधी आत जा, मग लॅपटॉपवरून जाताना 'डोन्ट यूज ऑडिओ' निवडा. झूममध्ये लॅपटॉपवर ऑडिओ जोडायचा प्रश्न येतो, ती खिडकी नुसती बंद करा. लॅपटॉपचा आवाज चुकून चालू राहिला तर सगळ्यांना प्रतिध्वनी ऐकू येईल, एवढी काळजी घ्या.

या रीतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. 'आशा' पद्धतीत आवाज फक्त फोनकडून मशीनकडे जातो, तुमचं बोलणं फोनचा माईक घेतो. त्यामुळे फोन टेबलावर, तोंडापासून हातभर अंतरावर स्टँडमध्ये उभा ठेवा, उशीखाली किंवा पर्समध्ये नको. काही फोनवर मीटिंगचं ॲप आवाज फोनच्या स्पीकरकडे वळवतं. तेव्हा ॲपमधल्या स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवून मशीन निवडायचं. अँड्रॉइड १४ पासून ॲक्सेसिबिलिटीमध्ये हिअरिंग डिव्हायसेसखाली कॉलचा, गाण्यांचा, रिंगटोनचा आवाज कुठे जावा हे वेगवेगळं ठरवता येतं, तेही पाहून घ्या. हे सगळं पहिल्यांदा साहेबांच्या मीटिंगमध्ये करू नका. आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीतून मीटिंगमध्ये बोलवा आणि करून बघा.

हा मार्ग बंद होतो तो दोन ठिकाणी. काही कंपन्या स्वतःच्या फोनवर ऑफिसचं ॲप टाकू देत नाहीत. आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ, रेकॉर्ड केलेली भाषणं असं काही लॅपटॉपवरच चालत असेल तर फोन मध्ये आणता येत नाही. अशा वेळी खालचे पर्याय बघायचे. माझी पसंती ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने देते.

पहिला पर्याय म्हणजे तुमच्या मशीनच्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर, म्हणजे टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये पाठवणारी डबी. नाव टीव्हीचं असलं तरी त्याला आवाज कुठून येतो याच्याशी देणंघेणं नसतं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची वायर स्ट्रीमरला द्या, स्ट्रीमर तो आवाज दोन्ही कानांत पाठवतो. विंडोजच्या दृष्टीने नुसता हेडफोन लागलेला आहे, त्यामुळे ना ड्रायव्हर, ना पेअरिंग, ना ऑफिसच्या आयटी विभागाची परवानगी. आवाज पोहोचायला उशीरही फारच कमी लागतो, ओठ आणि शब्द जुळतात. वायर घेताना धातूच्या तीन पट्ट्यांच्या पिनची, साधी स्टिरिओची घ्या. चार पट्ट्यांची पिन लावली तर लॅपटॉपला वाटू शकतं की माईकही त्याच वायरीवर आहे, आणि मग तुमचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. तीन पट्ट्यांच्या पिनवर लॅपटॉपचा स्वतःचा माईक चालू राहतो. स्ट्रीमर एकतर्फी आहे, पण लॅपटॉपसमोर बसून बोलताना त्याने काही अडत नाही. घरात वडीलधाऱ्यांसाठी घेतलेला त्याच कंपनीचा स्ट्रीमर असेल तर आधी तोच आणून बघा. मात्र कंपनी एक असली तरी पिढी जुळावी लागते. जुन्या मालिकेचा स्ट्रीमर नव्या मशीनला चालेलच असं नाही.

दुसरा पर्याय म्हणजे तुम्हाला सुचवलेलं, गळ्यात किंवा कॉलरला अडकवायचं उपकरण. ओटिकॉनचं कनेक्टक्लिप हे याचं ठळक उदाहरण. ते लॅपटॉपशी क्लासिक ब्लूटूथने बोलतं आणि मशीनशी त्यांच्या मार्गाने. त्यात माईक असतो, त्यामुळे उठून फिरत बोलता येतं. शिवाय समोर बसलेल्या माणसाच्या कॉलरला लावलं तर हॉटेलातल्या गोंगाटातही त्याचं बोलणं कानात येतं. दिवसभर कॉलवर असणाऱ्याला, शिकवणाऱ्याला, वरचेवर प्रत्यक्ष बैठकांना जाणाऱ्याला मी ते आनंदाने सुचवते. फक्त लॅपटॉपच्या तीन मीटिंगांसाठी मात्र लगेच सुचवणार नाही.

आणि ते घेतलंत, किंवा क्लासिक ब्लूटूथचं मशीन असलं, तर एक अडचण येतेच. यूट्यूब छान ऐकू येतं आणि मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा चेपलेला येतो. क्लासिक ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज आणि माईक एकाच वेळी चालत नाहीत. मीटिंगच्या ॲपने तुमच्या मशीनचा माईक मागितला की लॅपटॉप 'हँड्सफ्री' पद्धतीवर उतरतो, आणि जुन्या प्रकारच्या हँड्सफ्रीमध्ये साधारण साडेतीन हजार हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलं जातं. 'स'चा जोर त्याच्या वरच असतो. तुम्ही हिशेब विभागात आहात. 'साठ' आणि 'आठ' यांच्यातला फरक फक्त त्या एका 'स'चा आहे. उपाय साधा आहे. मीटिंगच्या ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून मशीन ठेवा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा. हँड्सफ्रीची गरजच पडत नाही आणि आवाज भरदार राहतो. फोनॅक वापरणाऱ्या कितीतरी जणांची तक्रार एवढ्यानेच मिटते. या मार्गावर आवाज थोडा उशिरा येतो, ओठ पुढे आणि शब्द मागे असं जाणवू शकतं. ओठ वाचून समजून घ्यायची सवय असेल तर हे त्रासाचं आहे, आणि मी स्ट्रीमरला वर ठेवते त्यामागे हेही कारण आहे.

तिसरा पर्याय टेलिकॉइलचा, म्हणजे मशीनमधल्या तारेच्या छोट्या वेटोळ्याचा. मशीनमध्ये टेलिकॉइल असेल तर गळ्यात घालायचा नेकलूप लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात लावायचा, की आवाज चुंबकीय लहरींनी मशीनमध्ये येतो. हे जुनं तंत्र आहे, स्वस्त आहे, आणि कुठल्याही कंपनीच्या मशीनला चालतं. पण चार्जिंगवर चालणाऱ्या बारीक मशीनमध्ये जागेअभावी टेलिकॉइल बऱ्याचदा वगळलेली असते, आणि असली तरी तिचा प्रोग्राम ऑडिओलॉजिस्टने चालू करून द्यावा लागतो. लॅपटॉपच्या चार्जरजवळ बसलात तर घूं-घूं असा आवाज येतो. चार्जर लांब सरकवून बघायचा.

हेडफोनच्या शिट्टीबद्दल. कानामागच्या मशीनचा माईक कानाच्या वरच्या टोकाला असतो. कानावर टेकणारा छोटा हेडफोन तिथवर पोहोचत नाही, आणि त्याची गादी मशीनमधून बाहेर पडणारा आवाज परत माईककडे फेकते, म्हणून शिट्टी. कान पूर्ण झाकणारा, आत खोल पोकळी असलेला मोठा हेडफोन घेतला आणि तो थोडा वर सरकवून माईकही आत घेतला, तर बहुतेकदा शिट्टी थांबते. दुकानात मशीन घालूनच तो डोक्यावर चढवून बघा. मशीन काढून ठेवून साधे इअरफोन मोठ्या आवाजात लावणं मात्र टाळा. मशीन तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे) जिथे कमी ऐकू येतं तिथेच आवाज वाढवतं. इअरफोन सगळंच सरसकट वाढवतो, आणि शिल्लक चांगल्या ऐकण्यावर त्याचा भार पडतो.

एवढ्यापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मशीन 'आशा' किंवा 'मेड फॉर आयफोन'चं असेल तर विंडोजला थेट जोडण्याच्या मागे लागू नका, फोनवर आवाज घ्या. ते जमत नसेल तर त्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर वायरीने लावा. क्लासिक ब्लूटूथचं असेल तर जोडा, पण माईक लॅपटॉपचा ठेवा. एलई ऑडिओचं असेल तर आधी लॅपटॉपमध्ये ते बटण शोधा.

आता दुसरा प्रश्न, आवाज कानात आल्यावर तो कळण्याचा. इथे ऑडिओलॉजिस्टचं खरं काम सुरू होतं, आणि नेमकं हेच मागायचं असतं हे लोकांना माहीत नसतं.

कानात जी छोटी रबराची टोपी असते, तिला डोम म्हणतात. ऐकण्यात मध्यम तोटा असलेल्या लोकांना बहुधा भोकं असलेला उघडा डोम दिलेला असतो, कारण त्याने कान बंद झाल्यासारखं वाटत नाही आणि स्वतःचा आवाज घुमत नाही. समोरासमोर बोलताना ते योग्यच आहे, कारण खालच्या पट्टीचा आवाज बाहेरून आपोआप आत येतो. पण स्ट्रीमिंगमध्ये, म्हणजे फोन-लॅपटॉपचा आवाज थेट मशीनमध्ये येतो तेव्हा, बाहेरून काहीच येत नाही. मशीन जे देतं तेवढंच, आणि त्यातला खालच्या पट्टीचा भाग उघड्या डोममधून बाहेर निसटतो. म्हणून लॅपटॉपचा आवाज पातळ आणि पत्र्यासारखा वाटतो. बोटाने कानाचं भोक हलकेच दाबून बघा. आवाज एकदम भरदार झाला तर कारण हेच आहे. बंद डोम किंवा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) लावला की स्ट्रीमिंग सुधारतं, पण मग स्वतःचं बोलणं मडक्यात बोलल्यासारखं घुमतं. दिवसाचे पाच-सहा तास कॉलवर जात असतील तर मी बंद डोमकडे झुकते. तुमच्यासारख्या दोन-तीन मीटिंगा असतील तर डोम तसाच ठेवून स्ट्रीमिंगचा वेगळा प्रोग्राम दुरुस्त करते.

हा वेगळा प्रोग्राम सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि पहिल्या फिटिंगच्या वेळी बऱ्याचदा त्याला कुणी हात लावत नाही, तो कंपनीने दिलेल्या मूळ स्थितीतच राहतो. त्यात दोन गोष्टी मागा. एक, खालच्या पट्टीचा आवाज थोडा वाढवा. दोन, स्ट्रीमिंग चालू असताना बाहेरच्या माईकचं प्रमाण माझ्या कामाप्रमाणे ठरवा. माईक पूर्ण बंद केले तर मीटिंग स्वच्छ ऐकू येते, पण दारावरची बेल आणि स्वतःचं बोलणं कळत नाही, आणि माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. माईक पूर्ण चालू ठेवले तर पंखा, कुकर आणि मीटिंग यांची भेळ होते. घरून काम करणाऱ्यांसाठी मी बाहेरचे माईक बरेच खाली आणते, पण बंद करत नाही. काही ॲपमध्ये हा समतोल स्वतः सरकवता येतो. तुमच्यात असेल तर मीटिंग चालू असताना सरकवून बघा, दवाखान्यातल्या शांत खोलीत त्याचा अंदाज येत नाही.

एका कानाला फारच कमी ऐकू येत असेल, किंवा एकच मशीन असेल, तर विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत ऑडिओखाली मोनो ऑडिओ चालू करा. नाहीतर स्टिरिओचा एक भाग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आवाज मध्येच तुटत असेल, तेही एकाच कानात, तर आधी बसण्याची जागा बदलून बघा. या लहरी शरीरातून नीट पार होत नाहीत. फोन डाव्या खिशात असेल तर उजवा कान तुटतो. डोंगल वापरत असाल आणि तो यूएसबी ३ च्या भोकात, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कच्या शेजारी असेल, तर त्या भोकांचा गोंगाट नेमका ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो. डोंगल हातभर एक्स्टेन्शन वायरीने लांब नेला की फरक दिसतो. आणि आवाज एका बाजूला हळूहळू मंद होत गेला असेल तर ब्लूटूथला दोष देण्याआधी कानातला मळ अडवणारी मशीनची जाळी बदला.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून आवर्जून सांगते: मीटिंग न कळण्यातला मोठा वाटा पलीकडच्या माईकचा असतो. पाच माणसं एका खोलीत, टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप, वर पंखा, अशा ठिकाणाहून आलेला आवाज जगातलं सर्वांत महाग मशीनही सुधारू शकत नाही. खोलीचा घुमारा शब्दांत मिसळून आलेला असतो, तो वेगळा काढता येत नाही. त्या खोलीतल्यांना सांगा की बोलणाऱ्याने माईकजवळ यावं, किंवा प्रत्येकाने आपापला हेडसेट वापरावा. आकडे बोलले जाणार असतील तर ते चॅटमध्ये टाकायला सांगा. हे मागताना संकोच वाटतो हे मला माहीत आहे. पण एकदा स्पष्ट सांगितलं की बहुतेक सहकारी ऐकतात, आणि न ऐकू येताच 'हो हो' म्हणण्याने हिशेबात जो घोळ होतो त्यापेक्षा ते बरं.

कॅप्शनचा आधारही घ्या. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एल ही तीन बटणं एकत्र दाबली की लाइव्ह कॅप्शन सुरू होतं. मीट, टीम्स, झूममध्येही आपापली सोय आहे. बोलणं इंग्रजीत असेल तर ती बरी चालतात. आपल्याकडच्या मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळीत मात्र चुकतात, आकडे आणि नावं तर हमखास. म्हणून कॅप्शन हाताशी ठेवा, पण आकड्यांसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

ऑफिसकडून उपकरणाचा खर्च मिळेल का, हे तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, त्यात अशी सोय लिहिलेली असू शकते. त्याच कायद्यात 'कमी ऐकू येणं' म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलचा तोटा असं धरलं आहे. तुमचा तोटा मध्यम असल्याने प्रमाणपत्र मिळणं अवघड दिसतं. तरी एचआरला ऑडिओलॉजिस्टचं पत्र देऊन विचारायला काहीच हरकत नाही. हेडसेटचे पैसे देणाऱ्या कंपनीला स्ट्रीमर हाही कामाचाच हेडसेट आहे हे पटवता येतं.

आणि विकत घ्यायचंच ठरलं तर आठवडाभर घरी नेऊन वापरून बघायला मागा. तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच मीटिंगमध्ये. जिथे वापरून बघू देत नाहीत तिथून घेऊ नका. दुसरं मत हवं असेल तर एकाहून अधिक कंपन्यांची मशीन्स बसवणाऱ्या, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे जा. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

जाताना ताजा ऑडिओग्राम, मशीनचं पूर्ण मॉडेल, फोनचं मॉडेल आणि शक्य असेल तर ऑफिसचा लॅपटॉपच बरोबर न्या. फिटिंगच्या सॉफ्टवेअरला मशीन जोडलेलं असताना तुमच्या लॅपटॉपवर एखादं मराठी भाषण लावा, कुणाला तरी पाच-सहा आकडे वाचायला सांगा, आणि 'साठ' आणि 'आठ' वेगळे ऐकू येईपर्यंत स्ट्रीमिंगचा प्रोग्राम तिथेच बदलून घ्या. फोनवरून मीटिंग घेण्याचा प्रयोग मात्र त्यासाठी थांबवू नका, तो आज संध्याकाळीच करता येईल. काय झालं ते, आणि मशीनचं मॉडेल, इथे लिहा. 'आशा'बद्दलचा माझा अंदाज त्यावरून पक्का करून सांगते.